मागच्या डाव्या चाकाची कुरकुर

तो मोबाइलचा टॉर्च आधी बंद कर बघू. तोंडावर उजेड पडला की मला काही आठवत नाही. लाइट येईल तेव्हा येईल. गोष्ट हवी ना? मग गप्प बसायचं. मध्येच ‘मग काय झालं, मग काय झालं’ करायचं नाही. जे झालं तेच सांगणार आहे.

ही उडत उडत ऐकलेली नाही. ज्याच्यावर गुदरली त्याचं गॅरेज माझ्या बॅटरीच्या दुकानाला लागून होतं. मध्ये एक पत्रा, तोही फाटका. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. माणूस देवमाणूस, पण एक खोड. कुठे काही करकरलं की त्याला चैन पडायचं नाही. माझ्या शटरला, शेजारच्या शिंप्याच्या मशीनला, एकदा तर बँकेच्या दाराला हा न विचारता तेल घालून आला. शिवणयंत्राच्या तेलाची चपटी बाटली कायम खिशात. त्याची बायको म्हणायची, माझी कुरकुर तेवढी याला ऐकू येत नाही.

त्याच्याकडे एक जुनं गिऱ्हाईक यायचं, चष्मेवाले काका. चौकात त्यांचं चष्म्याचं दुकान. सत्तरी ओलांडलेली, मूलबाळ नाही, आणि दाराशी एक लांबलचक काळी परदेशी गाडी. एके काळी असल्या गाड्यांतून बडे लोक फिरायचे. चष्मेवाल्याला हा पांढरा हत्ती कशाला, असं लोक मागून बोलायचे. खरं कारण मिस्त्रीला ठाऊक होतं. काकूंचे पाय गेले होते. त्यांची व्हीलचेअर आणि त्या गाडीची मागची सीट बरोबर एका उंचीची होती. मागचं डावं दार उघडायचं, खुर्ची लावायची, की काकू हातांवर जोर देऊन आपल्या आपण आत सरकायच्या. कोणी उचललेलं त्यांना खपायचं नाही. मी काय पोतं आहे का, म्हणायच्या. तेवढ्या एका गोष्टीसाठी काकांनी शोधून शोधून ती गाडी घेतली होती. रोज रात्री जेवणं झाली की दोघं एक चक्कर मारून यायची.

मग काकू गेल्या. खुर्ची डिकीतच राहिली. काका चक्कर मारत राहिले, एकटेच.

काही महिन्यांनी गाडी गॅरेजात आली. मागच्या डाव्या चाकातून आवाज येतो, काका म्हणाले. बारीक. चुंई… चुंई… वेगात असताना नाही. घरामागच्या गल्लीत शिरलं आणि गाडी माणसाच्या चालीवर आली, की सुरू.

मिस्त्रीला हेच हवं होतं. त्याने चाक काढलं, ब्रेक पॅड घासूनपुसून बसवले, बेअरिंग बदललं, बुश बदलले, एखादा खडा अडकलाय का तेही पाहिलं. रॅम्पवर चाक फिरवलं तर मुकं. स्वतः गल्लीतून चालवून आणली, तरी मुकं. गाडी काकांना दिली की दुसऱ्या दिवशी काका हजर. येतोय अजून, म्हणायचे.

असं बरेचदा झालं. आणि पत्र्याच्या फटीतून मला एक गंमत दिसायची. ‘सापडत नाही काका’ म्हटल्यावर गिऱ्हाइकाचं तोंड पडायला हवं की नाही? यांचं उजळायचं.

शेवटी मिस्त्री हट्टाला पेटला. आवाज तुम्ही चालवताना येतो ना, मग तुम्हीच चालवा, म्हणाला. मी बाजूने चालतो, चाकाला कान लावून. दिवसा गल्लीत वर्दळ, म्हणून रात्रीचं ठरलं.

मंगळवारची रात्र. साडेअकरा वाजून गेलेले. गल्लीच्या एका बाजूला बंद घरं, दुसऱ्या बाजूला शाळेची लांबच लांब भिंत. पान हलत नव्हतं. काकांनी काचा खाली केल्या आणि गाडी हळूहळू सोडली. मिस्त्री डाव्या बाजूला, चाक आणि भिंत यांच्या मधून, वाकून चाललेला. हातात बॅटरी.

अर्धी गल्ली गेली. आणि आला.

चुंई… चुंई…

मिस्त्रीने कान चाकापाशी नेला. चाक मुकं होतं. आवाज त्याच्या पाठीमागून येत होता. त्याच्या आणि भिंतीच्या मधून.

तिथे हातभरच जागा होती. त्याने बॅटरी फिरवली. भिंत. नुसती भिंत.

चुंई… चुंई… त्याच्या बरोबरीने.

तो थांबला. आवाज पुढे गेला.

त्याने धावत जाऊन गाडीवर थाप मारली. काकांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली.

आवाज थांबला नाही.

चुंई… चुंई… मागच्या दारापर्यंत आला. तिथे… शांत. मग आत मागची सीट दबल्यासारखी झाली. दार बंदच होतं.

मग काकांनी, समोर बघतच, विचारलं.

“मिस्त्री, मला एवढंच सांगा. हा आवाज माझ्या गाडीचा आहे का?”

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस आवाज घालवायला येतच नव्हता. गाडीत काही दोष नाही, हे जाणत्या माणसाच्या तोंडून ऐकायला येत होता. आवाज गाडीचा निघाला असता, तर काकू गेल्या त्या गेल्याच होत्या.

“नाही काका,” मिस्त्री म्हणाला. “तुमच्या गाडीत काहीच नाही.”

काका स्टिअरिंगवर डोकं टेकून लहान मुलासारखे रडले. इतका सुखाने रडणारा माणूस मी बघितला नाही, असं मिस्त्री मला दुसऱ्या दिवशी सांगत होता.

इथे थांबलं असतं तर किती बरं झालं असतं.

आवाज शोधताना उचकटलेला डिकीचा गालिचा अजून बसवायचा होता, म्हणून गाडी रात्री गॅरेजात राहिली. सकाळी मिस्त्रीने तो बसवला. डिकी रिकामी करताना काढलेली काकूंची खुर्ची कोपऱ्यात घडी करून ठेवली होती. ती उचलताना तिचं चाक फिरलं. तोच आवाज. चाक गंजून जड झालं होतं. त्याला भीती नाही वाटली. एवढं जड चाक हाताने ढकलत काकू रोज गाडीच्या बरोबरीने येतात, त्यांचे हात किती दुखत असतील, एवढंच त्याच्या मनात आलं. चपटी बाटली निघाली. दोन्ही चाकांना दोन-दोन थेंब. चाकं लोण्यासारखी फिरू लागली. त्याने खुर्ची डिकीत ठेवली आणि गाडी काकांच्या दारी नेऊन दिली.

त्या रात्री आवाज आला नाही. पुढच्या रात्रीही नाही.

काका गॅरेजात आले तेव्हा मी पत्र्याच्या अलीकडेच होतो. काही केलंत का, एवढंच त्यांनी विचारलं. मिस्त्रीने खरं ते सांगितलं. काका तिथल्याच एका टायरवर बसले.

“तिने मला कधी तेल घालू दिलं नाही,” ते म्हणाले. “म्हणायची, राहू दे तसंच. घरात कुठेही असलात तरी तुम्हाला कळतं, मी कुठे आहे ते.”

मग उठून त्यांनी मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला. तुम्ही चांगल्या मनानेच केलंत, म्हणाले. त्यापेक्षा दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मिस्त्री पुढे कितीदा तरी म्हणाला.

त्याने काय नाही केलं. चाकं रॉकेलने धुतली, उन्हात ठेवली, वाळूसुद्धा घातली. जन्मभर कुरकुर घालवणाऱ्याला कुरकुर आणता येईना. एकदा मुरलेलं तेल काही निघत नाही.

काकांनी चक्कर मारणं सोडलं. जेवण झालं की घराच्या गॅरेजात जाऊन गाडीत बसायचे. दिवा बंद, आपल्या बाजूची काच खाली. ऐकत. तासन् तास. शेजारी कुकरची शिट्टी झाली तरी कासावीस व्हायचे, म्हणे. मध्येच तिचा आवाज बुडायला नको.

काय म्हणालीस? तिने हाक मारायची होती?

…मारली नसेल, हे तुला कोणी सांगितलं?

असो. एके दिवशी शेजारच्या घरात संध्याकाळभर फरश्या कापत होते. पांढरी बारीक धूळ उडून काकांच्या गॅरेजात सगळीकडे बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांनी बाहेरून हाका मारल्या. काका गाडीत बसलेले. हलेनात. आत जायचा कोणाला धीर होईना, म्हणून मिस्त्रीला बोलावलं. दुसरं होतं कोण त्यांना.

काका गेले होते. डोकं उघड्या काचेकडे कललेलं. अजून ऐकत असल्यासारखं.

मिस्त्री दारातच थबकला. धुळीत काकांच्या चपलांचे ठसे होते. घरातून गॅरेजात यायच्या उंबऱ्यापासून सरळ गाडीच्या दारापर्यंत.

आणि त्यांच्या शेजारून दोन रेघा. बारीक, सरळ.

उंबऱ्यापासून निघालेल्या. मागच्या डाव्या दाराशी आलेल्या. तिथे धूळ मागे-पुढे, मागे-पुढे पुसली गेलेली. ताटकळलेलं माणूस करतं तशी. म्हणजे काकू येत होत्या. रोज येत असणार. दाराशी थांबून वाट बघत असणार, आणि काका आत, हातभर अंतरावर, कान देऊन…

मग रेघा वळल्या होत्या. गाडीला वळसा घालून काकांच्या दाराशी. अगदी काचेखाली. परत गेलेल्या नव्हत्या.

मिस्त्रीने डिकी उघडली. खुर्ची घडी घातलेली, त्याने ठेवली होती तशीच. चाकांवर कणभर धूळ नाही.

तो काकांच्या दाराशी खाली बसला. रेघा जिथे संपत होत्या तिथे धूळ ओली होती. त्याने बोट लावलं. नाकाशी नेलं.

शिवणयंत्राचं तेल होतं.