एका घासाचा कौल

कुत्र्यानं बोग्नाच्या टोपलीतलं सफरचंद उचललं आणि धुक्यात धूम ठोकली. मागोमाग धापा टाकत त्याचा मालक आला.

“माफ करा हं... फिलुत तसा सभ्य आहे. भूक लागली की मात्र माझं नाव घालवतो.”

“उपाशी ठेवता वाटतं बिचाऱ्याला?”

“जेवून उठला तरी तो उपाशीच असतो!”

बोग्नाचे डोळे चमकले. “मग... संत आंद्रेयच्या संध्याकाळी उसना द्याल?”

“कोण, मी?”

“कुत्रा हो!”

तो तिमोन. समुद्राकाठच्या शहरातला. मामा वारल्यावर त्यांची सफरचंदाची बाग विकायला आलेला. इथल्या रीती त्याला कुठून ठाऊक असणार? मग बोग्नानंच सांगितलं. त्या संध्याकाळी लग्नाच्या मुली जमून पिठाच्या पारीत सफरचंद भरून घासाएवढ्या पुड्या भाजतात, फळीवर ओळीनं मांडतात आणि भुकेला कुत्रा आत सोडतात. जिची पुडी तो आधी खाईल, तिचं लग्न आधी.

“आणि तुमची पुडी?”

“माझी? गेल्या वर्षी तर कुत्रा ओलांडून गेला.” ती हसली खरी, पण ते हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

त्यानंतर तिमोन या ना त्या निमित्तानं येऊ लागला. कधी शिडी हवी म्हणून, कधी फिलुतला स्वयंपाकघराची सवय व्हावी म्हणून. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. बागेचा विषय मात्र दोघंही टाळत. गिऱ्हाईक ठरलं होतं. सोमवारी सह्या झाल्या की तो जाणार होता. बोग्नाला तो आवडत होता, अगदी मनापासून. पण ‘राहा’ म्हणायला जीभ रेटत नव्हती. राहा म्हणणारी आपण कोण?

ती संध्याकाळ आली. आंबट सफरचंदं किसून पिळली, साखर-दालचिनी लावली, सायीत मळलेल्या पिठाचे चौकोन कापून चारी टोकं मधोमध चिमटली. प्रत्येकीनं आपापली खूण केली. बोग्नानं लवंग टोचली... आणि कुणाचं लक्ष नाहीसं बघून आत डुकराच्या चरबीचा खमंग तळलेला तुकडा सरकवला. लबाडीच होती ती, सरळसरळ. पण करणार काय?

पुरुषांना आत मज्जाव, म्हणून तिमोन बाहेर पायरीवर बसला होता. फळी मांडली, फिलुतला सोडलं. तो थेट लवंगवाल्या पुडीकडे गेला, ती तोंडात धरली आणि उघड्या दारातून पसार!

“बाहेर नेली गं!” बोग्नाची मैत्रीण झिता ओरडली. “म्हणजे ही लग्न करून परमुलखात जाणार!”

बोग्ना धावतच बाहेर गेली. तिमोनच्या हातात अर्धी पुडी होती आणि तो विचारात पडल्यासारखा चावत होता.

“शी! कुत्र्याच्या तोंडातली?”

“माझ्या मांडीवर आणून ठेवली. अर्धी त्यानं खाल्ली, अर्धी मी... बोग्ना, सफरचंदात चरबी?”

“चुकून पडली असेल.”

“नेमकी लवंगेच्याच पुडीत?”

ती कानापर्यंत लाल झाली. फिलुत पुन्हा आत पळाला. धुक्याचं पाणी पन्हळीतून टपटपत होतं.

“कौल फिरवायला निघालीस,” तो हळूच म्हणाला, “कुणासाठी?”

आता खोटं बोलून काय उपयोग होता? “तुझ्यासाठी. माझ्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून कुत्र्याच्या तोंडून वदवत होते... जाऊ नकोस ना, तिमोन.”

त्यानं बोटांवरचा चुरा झटकला. बोग्नाला वाटलं, संपलं सगळं.

“सोमवारी सह्या आहेत,” तो म्हणाला.

“माहीत आहे मला.”

“बाग विकायची नाही म्हणून सांगायचंय त्यांना. परवापासून मनाशी घोकतोय... पण एकट्याचा धीर होत नाही. येशील बरोबर?”

तिनं नुसती मान डोलावली. त्यानं तिचा पिठानं माखलेला हात हातात घेतला.

आतून झिताचा आरडाओरडा आला, “अगं बोग्ने, या मेल्यानं सगळ्यांच्याच पुड्या एकदम फस्त केल्या! तू तर परमुलखात चाललीस, मग इथलं पहिलं लग्न कुणाचं?”

“माझं,” बोग्ना म्हणाली. पण इतक्या हळू, की ते फक्त तिमोनलाच ऐकू गेलं.