मायनस एक माणूस

संग्रामनं घर गरम करणारी गॅसची नवी फर्नेस बसवली आणि तिसऱ्या दिवशी काढून टाकली.

नाही. असं काही झालंच नाही. कुठली फर्नेस? शेजारी विचारतात तेव्हा संग्राम हेच म्हणतो आणि त्यांच्या कुत्र्याची चौकशी करतो.

पण झालं ते असं. यातला शब्द न् शब्द खरा आहे. विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका, त्यानं खोली गरम होणार नाहीये.

जागा पिस्कॅटवे, न्यू जर्सी. गेल्या जानेवारीतला मंगळवार, दुपारचे साडेतीन. भुताच्या गोष्टी रात्री घडतात हे मान्य. पण हीटिंगवाले पाचनंतर येत नाहीत, त्यामुळे ही दिवसाउजेडी घडली.

संग्राम नागपूरचा, आयटीतला. बायको नीलांबरी पुण्याची. त्यांची मुलगी सात आठवडे आधीच जन्मलेली, अजून हॉस्पिटलमध्ये काचेच्या पेटीत. शुक्रवारी संध्याकाळी ती पहिल्यांदा घरी येणार होती. नर्सनं एकच अट घातली होती. घर बहात्तर डिग्री हवं. फॅरनहाइट, अर्थात; म्हणजे आपले बावीस. बहात्तर म्हणजे बहात्तर.

आणि रविवारी जुनी फर्नेस मेली.

संग्रामनं आयटीवाला जे करतो तेच केलं. एक्सेल शीट उघडली. गॅस फर्नेस, हीट पंप, की प्रत्येक खोलीत भिंतीवर वेगळं छोटं युनिट? मग मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं. एक्केचाळीस माणसं, त्रेचाळीस मतं. विवेककाकांनी आधी 'गॅसच घे' म्हटलं आणि मग स्वतःच्याच मेसेजला विरोध केला.

सोमवारी पहिला हीटिंगवाला आला. घरभर फिरला, कागद दिला. घराला किती उष्णता लागेल हे काढताना आत राहणारी माणसंही मोजतात, कारण माणूस म्हणजे चालताबोलता हीटर. कागदावर लिहिलं होतं...

माणसं : चार.

ते तीन होते. बाळ धरून.

"तुझ्या आईला धरलं असेल," नीलांबरी म्हणाली.

आई नागपुरात होती.

मंगळवारी सकाळी दुसऱ्या कंपनीची बाई आली. तिच्याही कागदावर चार. जाताना ती आवाज खाली आणून म्हणाली, "वरच्या छोट्या खोलीत मी आत गेले नाही हं. उगाच त्यांना कशाला उठवा..."

वरची छोटी खोली बाळाची होती. तिथे फक्त रिकामा पाळणा होता.

साडेतीनला देवांग आला. शेजारच्या एडिसन गावचा गुजराती, पण दादरला वाढलेला, मराठी आपल्यापेक्षा स्वच्छ. तो अर्धा तास वर होता. खाली आला तेव्हा जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढलेली.

"संग्रामभाई, हिशोब बसत नव्हता. माणूस खोलीत असला की खोली गरम होते. बरोबर?"

"बरोबर."

"तुमच्या त्या खोलीत माणूस आहे आणि खोली थंड होतेय. मग मी फॉर्ममध्ये मायनस एक टाकला."

"आणि?"

"परफेक्ट बसला."

संग्रामला आधी हिशोब जुळल्याचा आनंद झाला. भीती नंतर आली.

"मग सिस्टम कुठली घेऊ?"

"मायनसवाल्यासाठी?" देवांगनं जिन्याकडे पाहिलं. "मोठी."

बुधवारी मोठी फर्नेस बसली. तासाभरात सगळं घर बहात्तर.

छोटी खोली... एक्कावन्न.

संग्रामनं गरम हवा येते त्या जमिनीतल्या जाळीवर टिश्यू पेपर धरला. बाकीच्या खोल्यांत तो वर उडत होता. इथे तो खाली ओढला गेला. हातातून सुटला. गेला.

मग जाळीतून आवाज आला...

"हाऽऽश..."

थंडीतून आलेला म्हातारा शेकोटीपुढे हात धरतो, तेव्हा करतो तसा. समाधानाचा.

नीलांबरी दारातच उभी होती. "मी परवा माझ्या मुलीला इथे आणणार नाहीये. एक तर तो, नाहीतर आपण."

गुरुवारी दुपारी संग्रामनं आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे मध्यरात्र उलटलेली.

"कोण आहे म्हणतो? म्हातारा?" आईनं चष्मा लावला. "अरे, मग नीट सांगून पाहा न त्याला. लहान लेकरू येते म्हणा घरी. अपमान नको करू बरं."

"आई, तो बहुतेक अमेरिकन आहे. मराठी कळेल?"

"इतके दिवस तुमची भांडणं ऐकतो आहे न? कळते त्याला."

हे संग्राम-नीलांबरी दोघांनाही पटलं.

संग्रामनं मागचं दार सताड उघडलं. बाहेर बर्फ. तो जिन्याखाली उभा राहिला, घसा साफ केला. "आजोबा, उद्या आमचं बाळ घरी येतंय. फार नाजूक आहे ते. तेवढी खोली आम्हाला द्या... प्लीज."



मग वरची पायरी करकरली...

दुसरी...

तिसरी...

नीलांबरी वर छोट्या खोलीच्या दारात थर्मामीटर धरून उभी होती. "संग्राम! छप्पन्न झालं! साठ! सत्तर!"

शेवटची पायरी वाजली. संग्रामच्या गुडघ्यांवरून बर्फासारखं काहीतरी सरकत दाराकडे गेलं. उंबऱ्याशी थांबलं. निरोपाला थांबतात तसं.

आणि इथे घात झाला.

जन्मापासून दारात उभं राहून शेकडो पाहुण्यांना निरोप दिलेला माणूस तो. हात आपोआप जोडले गेले, मान आपोआप कलली, आणि तोंडातून निघून गेलं...

"या हं परत. पुढच्या वेळी सगळ्यांना घेऊन या."

वरून नीलांबरीचा आवाज आला. अगदी शांत.

"काय म्हणालास?"

"सवयीनं गं..."

"दार लाव. आधी दार लाव!"

त्यानं दाराला हात घातला. दार हलेना. बाहेर कोणीतरी ते अदबीनं धरून ठेवलं होतं, मागून येणाऱ्यांसाठी धरतात तसं. बर्फावर एकही पाऊल उमटत नव्हतं.

पायरी करकरली. पहिली. पहिली असतानाच दुसरी. दुसरी असतानाच पुन्हा पहिली... मधेच दोन पायऱ्या गाळून कोणीतरी धावत वर गेलं. छोटं कोणीतरी.

मग दार आपलं आपण लागलं.

शुक्रवारी सकाळी सातला देवांग हजर. पाचच मिनिटांत खाली आला.

"मायनस अकरा. संग्रामभाई, एवढ्या ताकदीची फर्नेस घराला येत नाही. शाळेला येते."

"बाळ संध्याकाळी येतंय रे."

देवांगनं डोकं खाजवलं. "फर्नेस म्हणजे सगळ्या खोल्यांना एकच पाइप. तुम्ही इथे हवा सोडणार, ते तिकडून ओढणार. पाइपच नको. फर्नेस काढतो, जाळ्या पत्र्यानं बंद करतो. तुमच्या बेडरूममध्ये भिंतीवर एक युनिट. त्या खोलीत काही नाही."

चार माणसं लावून त्यानं दुपारी चारला काम संपवलं. पाच वाजता बाळ घरी आलं. बेडरूम बहात्तर. बाळ आईच्या कुशीत गुलाबी होऊन झोपलं, आणि नीलांबरी कित्येक दिवसांनी रडली.

बाळ वाढतंय. वजन छान आहे. फक्त दूध पिताना मधेच थांबतं आणि छोट्या खोलीच्या भिंतीकडे बघतं. बराच वेळ. मग हसतं...

काल दुपारी त्या भिंतीवर पाळण्याच्या उंचीवर गारठ्याचा ठसा उमटला होता. तळहाताएवढा. लहान तळहाताएवढा. संग्रामनं युनिटकडे पाहिलं.

बहात्तर... बहात्तर...

एकाहत्तर.

त्यानं लॅपटॉप उघडला आणि गावच्या बांधकाम विभागाला पत्र लिहिलं. अजून उत्तर नाही. पत्र असं :

महोदय,

वरील पत्त्यावरील घराच्या वरच्या मजल्यावरची पूर्वेकडील खोली घराच्या क्षेत्रफळातून वगळण्यात यावी व आपल्या दप्तरी तिची नोंद 'बाहेर' अशी करण्यात यावी, म्हणजे तेथील अकरा जण आमच्या घरात मोजले जाणार नाहीत, ही नम्र विनंती. नोंद झाल्याचे लेखी पत्र दोन प्रतींत पाठवावे. एक प्रत आमच्यासाठी. दुसरी त्या खोलीच्या दाराखालून आपल्या कर्मचाऱ्याने स्वतः सरकवावी.