सहावा रकाना

कॉर्लिस पेटवेनं त्या माणसासाठी दार धरलं, ते केवळ त्याचे दोन्ही हात खोक्यात गुंतले होते म्हणून. ऑगस्टातला पाऊस चॅपलच्या पायऱ्यांवरून ओघळत होता. त्यानं अंगातला रेनकोट काढून खोक्यावर पांघरला होता आणि स्वतः नखशिखान्त भिजला होता.

"खोक्यात तान्हं बाळ आहे की काय?" तिनं विचारलं.

"त्याहून नाजूक यंत्र. बिघडलं तर मला तीन ठिकाणी सह्या करून खुलासा द्यावा लागतो."

ती हसली. तो "आभारी आहे, बाईसाहेब" म्हणाला आणि ओले ठसे उमटवत आत निघून गेला. नाव तिनं विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

सेज क्रीक हे अलाबामातलं कृष्णवर्णीयांचं जुनं, लहानसं कॉलेज. साडेसहाशे विद्यार्थी, सात इमारती, आणि त्या सगळ्यांतल्या संगणकांचा भार वाहणारी एकटी कॉर्लिस. वय एकोणतीस, हुद्दा संचालकाचा, हाताखाली कोणी नाही. सर्व्हरचं कपाट चॅपलमागच्या खोलीत होतं, गायकवृंदाच्या झग्यांशेजारी, कारण कॉलेजातला भरवशाचा एसी तेवढा तिथेच होता.

दुपारी ग्रंथालयात प्रशिक्षणाला जाऊन बसते तर काय, फळ्यापाशी सकाळचाच माणूस! अंग आता कोरडं होतं. त्यानं नाव सांगितलं, लिनवुड ग्रियर. अटलांटाच्या एका संस्थेनं त्याला पाठवलं होतं. संस्थेनं अशी अकरा कॉलेजं निवडली होती. काही कृष्णवर्णीयांची, काही आदिवासींची. सहा आठवडे कर्मचाऱ्यांना शिकवायचं, यंत्रणा तपासायची आणि अहवाल लिहायचा. त्या अहवालांवरून पाच कॉलेजांना सगळी सामग्री नवी मिळणार होती. उरलेल्या सहांना प्रमाणपत्र.

"चोर कॉलेजात शिरतो कुठून?" लिनवुडनं विचारलं.

कोणी पासवर्ड म्हणालं, कोणी ईमेल.

"दारातून," तो म्हणाला. "आज सकाळी मीच शिरलो. कोणी ओळखपत्र विचारलं नाही, नाव विचारलं नाही. उलट हसून दार धरलं."

खोलीत खसखस पिकली. कॉर्लिसच्या कानशिलांना चटका बसला. क्षणभर ती तशीच बसली, मग उठून उभी राहिली.

"दार मी धरलं होतं. कॉर्लिस पेटवे. पुढच्या वेळी पावसातच ठेवेन तुम्हाला."

सगळे मोठ्यानं हसले. लिनवुडच्या हातातला खडू खाली पडला.

"मी... मी नाव घेणार नव्हतो."

"म्हणूनच मी घेतलं."

वर्ग सुटल्यावर तो तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत आला. "एक सांगू? मी मुद्दाम नव्हतो आलो तसा. खरंच वाट चुकलो होतो. उदाहरण नंतर सुचलं."

"म्हणजे कोणी उपकार केला की तुम्हाला धडा सुचतो?"

"वाईट सवय आहे."

"मग सोडून द्या."

"धडे?"

"सवय," ती म्हणाली आणि न थांबता जिना उतरली. खाली पोचल्यावर आपण हसतो आहोत हे तिच्या ध्यानात आलं. त्याला तिनं फारसं महत्त्व दिलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात पाळी आली मॅबरीबाईंची. ऑटिली मॅबरी एकाहत्तर वर्षांच्या. विद्यार्थ्यांच्या नोंदींचं दफ्तर त्यांच्या ताब्यात होतं आणि निम्म्या गावाच्या जन्मतारखा त्यांना पाठ होत्या. त्यांचा पासवर्ड सगळ्या कॉलेजला ठाऊक होता: नवऱ्याचं नाव आणि लग्नाचं वर्ष.

"हा बदलायला हवा, मॅबरीबाई," लिनवुड म्हणाला.

"चाळीस वर्षं नवरा बदलला नाही, पोरा. आता तो गेल्यावर बदलू?"

कॉर्लिस तिथेच कोपऱ्यात प्रिंटर उघडून बसली होती. तिनं मान वर केली. आता हा गडी नियम वाचून दाखवणार, असं तिला वाटलं. पण त्यानं खुर्ची ओढली.

"नवरा बदलू नका. पण त्यांनी तुम्हाला म्हटलेलं एखादं वाक्य असेल ना... जे दुसऱ्या कोणीच ऐकलं नाही?"

मॅबरीबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"मला सांगू नका. कोणालाच सांगू नका. तेच टाइप करा, सबंध."

एवढं बोलून तो उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मॅबरीबाई एकेक अक्षर शोधत टाइप करत राहिल्या. मध्येच थांबल्या, खुदकन हसल्या, चष्मा पुसला. तेवढ्याला तब्बल दहा मिनिटं लागली. लिनवुडनं एकदाही वळून पाहिलं नाही.

प्रिंटरमधला कागद कधीच निघाला होता. कॉर्लिस मात्र तशीच बसून त्याच्या पाठीकडे पाहत होती. ती मनाशी म्हणाली, हे काही खरं नाही.

त्यानंतर जे झालं ते हळूहळू झालं. ग्रंथालयाच्या छतातल्या जुन्या तारा उंदरांनी कुरतडल्या होत्या, त्या बदलायला दोघं शिडीवर चढू लागली. दुपारी चॅपलच्या पायऱ्यांवर बसून उकडलेल्या शेंगा खाऊ लागली. तो टरफलं कागदाच्या पुडीत जमवायचा, ती गवतात भिरकावायची.

"अहो ग्रियर, तार ओढा! सांत्वन काय करताय तिचं?"

"अहो-जाहो कशाला? शिडीवरून पडलो तर 'अहो, पडलात का' असं विचारणार आहेस?"

"विचारणारच नाही. आधी तार तुटली का ते बघेन."

"आणि मग?"

"मग... शिडी."

तो वरून पाहत राहिला. तिनं नजर तारेवर ठेवली. पण त्या दिवसापासून 'अहो' गेलं ते गेलंच.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी कॉर्लिस त्याला चॅपलमागच्या खोलीत घेऊन गेली. झगे बाजूला सारले. त्यांच्या मागे, सर्व्हरच्या कपाटाला खेटून, एक जुनाट यंत्र घरघरत होतं.

"हे तुझ्या यादीत नाही," ती म्हणाली. "मी घातलंच नव्हतं."

लिनवुड गुडघ्यावर बसला आणि बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. "नऊ वर्षं याला हात लागलेला नाही?"

"लावला तर बंद पडेल. कॉलेज सुरू झाल्यापासूनच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या गुणपत्रिका यातच आहेत. माझ्या आजीचीसुद्धा. कोणी पेन्शनसाठी मागतं, कोणी नोकरीसाठी. मागच्या महिन्यात एकोणीसशे एकाहत्तर साली पास झालेल्या एका बाईंनी मागवली... फक्त नातवंडांना दाखवायला."

"कॉर्लिस, हे बाहेरच्या नेटवर्कला जोडलेलं आहे. ज्याच्या मनात येईल तो..."

"माहीत आहे."

"मला हे लिहावं लागेल. लिहिलं की तुमचं कॉलेज क्रमवारीत खाली घसरेल."

"तेही माहीत आहे. म्हणून तर दाखवलं. लपवून मिळालेल्या सामग्रीवर मला झोप लागणार नाही." ती थांबली. "आणि तुला फसवून मिळालेल्या... तर मुळीच नाही."

तो उठला. त्यानं झगे नीट ओढून परत जागेवर केले आणि निघून गेला.

सोमवारी तो आला नाही. मंगळवारीही नाही. वर्ग पुढे ढकलल्याची एक ओळ सगळ्यांना आली, बस. अहवाल लिहीत बसला असेल आणि तोंड दाखवायला लाजत असेल, असं कॉर्लिसनं ठरवून टाकलं. तिला राग आला; त्याचा थोडा, आणि आपण दर तासाला दाराकडे पाहतो आहोत याचा जास्त. पायऱ्यांवर एकटीनं शेंगा खाल्ल्या आणि टरफलं पुडीत जमवली.

गुरुवारी सकाळी तिच्या ईमेलवर त्याच्या नावानं एक कागद आला. विषय होता, 'हितसंबंध जाहीर करण्याचा नमुना'. तिनं तो उघडला नाही. वर्गात शिकवल्याप्रमाणे आधी फोन लावला.

"हे तूच पाठवलंयस?"

"हो." पलीकडे गाडीचं दार लागल्याचा आवाज झाला. "नियमच आहे. तपासनीसाचा कॉलेजातल्या कोणाशी संबंध असेल तर कळवावं लागतं. प्रत त्या व्यक्तीला आणि कॉलेजच्या अध्यक्षांना जाते. मला इथून काढून घेतायत. दुसरं कोणीतरी येईल आणि सगळं पहिल्यापासून तपासेल. जुन्या यंत्राबद्दल माझी टिपणं त्यांना दिलीयत, एक अक्षर न वगळता. फक्त... क्रमवारी मी लावणं बरोबर नव्हतं."

"आपला कसला संबंध?"

पलीकडे किल्ल्या वाजल्या.

"लिनवुड?"

"सहावा रकाना वाच," तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

तिनं कागद उघडला. पाचव्या रकान्यात तिचं नाव होतं, स्पेलिंग अचूक. सहाव्या रकान्यात संबंधाचं स्वरूप विचारलं होतं. तिथे लिहिलं होतं: 'प्रेम. एकतर्फी. सदर कर्मचाऱ्यास याची कल्पना नाही.'

कॉर्लिसनं ते तीनदा वाचलं. मग कोरा नमुना शोधला, छापून काढला आणि पेन घेऊन बसली. त्याच नियमात लिहिलं होतं की कर्मचाऱ्याकडूनही असं काही असेल तर त्यानंही कळवावं, अध्यक्षांच्या सहीनिशी. तो भाग बहुतेक कोणी वाचत नसावं.

अध्यक्ष डॉ. थरलो गेन्स तापट म्हणून प्रसिद्ध होते, आणि लिनवुडचा कागद त्यांच्या टेबलावर आधीच पोचलेला होता. बाहेर मॅबरीबाई काहीतरी निमित्त काढून उभ्या होत्या. कॉर्लिस आत गेली आणि सात मिनिटांनी बाहेर आली.

"मोटेलवर आहे अजून," मॅबरीबाई खिडकीकडे पाहत म्हणाल्या. "बारापर्यंत खोली सोडायचीय. मी आपलं सहज विचारून ठेवलं होतं."

पुढच्या गोष्टी पुढे घडल्या. नॅशव्हिलहून आलेल्या नव्या तपासनीस बाईंनी जुन्या यंत्राबद्दल दोन पानं झोडपून लिहिलं आणि तिसऱ्या पानावर हेही नोंदवलं की, कॉलेजनं ही उणीव आपणहून दाखवली. सेज क्रीक चौथं आलं. डिसेंबरात गुणपत्रिका नव्या यंत्रावर गेल्या, त्या कामाला पूर्ण तीन आठवडे लागले. पण त्या गुरुवारी यातलं काहीच कोणाला ठाऊक नव्हतं.

मोटेलच्या आवारात लिनवुड गाडीच्या डिकीत बॅगा रचत होता. पाऊस बारीक पडत होता. कॉर्लिस गाडीतून उतरली ती थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. ओढणीसारखा डोक्यावर धरलेला स्वेटर एका हातात, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद.

"सरकारी असो, खाजगी असो, कागदावर खोटी माहिती लिहू नये," ती म्हणाली. "एवढंसुद्धा शिकवत नाहीत का तुमच्या संस्थेत?"

"मी काही खोटं लिहिलेलं नाही."

"सहाव्या रकान्यात चूक आहे."

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे... प्रेम असं लिहायला नको होतं का?"

"त्याच्या पुढचा शब्द."

त्याला कळायला वेळ लागला. तिनं पिशवी पुढे केली. त्यानं कागद बाहेर काढला आणि पावसात पाठ वाकवून, कोरडा ठेवून वाचला. पाचव्या रकान्यात त्याचं नाव होतं. सहाव्यात, तिच्या तिरक्या अक्षरात: 'प्रेम. दोन्ही बाजूंनी. कल्पना होती.'

तो वाचत राहिला. मग खालची सही त्याच्या नजरेला पडली आणि तो दचकला.

"हे... हे डॉक्टर गेन्सनी वाचलं?"

"मोठ्यानं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बावीस वर्षं या खुर्चीवर बसलोय, पण या कॉलेजातून एक तरी फॉर्म वेळेत आणि न चुकता भरून आलेला आज पहिल्यांदाच पाहतोय." तिनं स्वेटर खाली केला. "आणि म्हणाले, त्या माणसाला सांग, रविवारी चर्चनंतर जेवायला ये. जेवण माझ्या आईच्या घरी, बरं का, त्यांच्या नाही. ते त्यांनी ठरवून टाकलं. आईला अजून विचारलेलं नाही."

लिनवुडनं कागदाची नीट घडी घातली आणि शर्टाच्या आत, छातीशी ठेवली.

"रविवारी यायचं असेल," तो म्हणाला, "तर या बॅगा परत आत न्याव्या लागतील."

"मग ने ना. मी दार धरणार नाहीये."