थंड कपाटाची तक्रार

तिने बाहेरून दार ढकललं आणि त्याने ते नेमकं त्याच क्षणी आतून ओढलं... हातातल्या काचेच्या बश्या वाचल्या, पण तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

"अहो, जरा बघून! या सातूच्या वाणाचे शेवटचे दाणे आहेत हे. जगात दुसरीकडे कुठेच नाहीत!"

"म्हणजे जगातला सर्वांत महागडा धक्का मीच देणार होतो," फ्रिजवाला हसत म्हणाला.

बियाण्यांच्या संग्रहातलं थंड कपाट दुरुस्त करायला तो आला होता. बश्यांतले दाणे फार जुने होते आणि ते रुजवायचं काम तिच्यावर होतं. ते रुजले नाहीत तर वाणच संपणार, तोही तिच्या हातून.

"बियांना ऊब लागते ना? मग फ्रिजात कशाला?"

"आधी ओल्या टिपकागदावर गारठवायचे. त्याने झोप मोडते. मग ऊब."

"वा! म्हणजे आधी थोडं गारच वागायचं..."

"आधी कपाट दुरुस्त करायचं," ती म्हणाली, पण हसू ओठांत दाबूनच.

कपाट त्याच दिवशी सुरू झालं. तरी तो पुन्हा आला. मग पुन्हा. एकदा ती चिमट्याने दाण्यांची टरफलं सोलत होती, तेव्हा तो दिवा धरून उभा राहिला, श्वाससुद्धा बेताने घेत. त्या जपून घेतलेल्या श्वासावर तिचा जीवच जडला.

"बाई, आजारी नक्की कपाटच आहे ना?" फाटकावरच्या काकांनी विचारलं. तिला पळता भुई थोडी झाली.

पण दाणे काही रुजेनात. उबेला ठेवल्यावर एकेक करून बुरसटत गेले. शेवटी एकच उरला.

"आज तुम्ही जा," ती म्हणाली. "मला बघवत नाहीये..."

"मग नका बघू. मी बघतो." तो स्टूल ओढून बशीपाशी बसला. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, बराच वेळ.

"अहो — इकडे या!"

दाण्याच्या टोकाशी इवलंसं पांढरं मूळ डोकावत होतं. तिला रडू फुटलं. आपण त्याची बाही घट्ट धरली आहे, हेही तिला कळलं नाही.

"एक सांगू?" तो चाचरत म्हणाला. "कपाट पहिल्याच दिवशी ठणठणीत झालं होतं. मी आपला उगाचच खुडबूड करत बसायचो..."

"ठाऊक आहे. त्याचा पारा रोज मीच बघते."

"मग दर वेळी दुकानात ते बिघडल्याचा फोन...?"

"मीच करत होते ना!"

"आणि आता काय सांगून बोलवाल?"

"आता?" तिने डोळे पुसले. बाही मात्र सोडली नाही. "आता नुसतं 'ये' म्हणेन."

आणि तो तर जागचा हललाच नाही.