नऊ भोकांच्या जाळीतला सूर्य

मासी महिन्यातल्या, म्हणजे फाल्गुनाच्या सुमाराच्या, त्या सकाळी सूर्य तिरुवळंतुरैच्या महादेवाकडे आलाच नाही. अकराच्या सुमाराला तिथल्या पुजाऱ्याची, गुरुक्कळांची, बायको कुंभकोणमला कोदैनायकीच्या ओट्यावर येऊन रडायला बसली.

पिच्चुमणी तेव्हा तिसऱ्या इडलीवर सांबार ओतत होता. निवृत्त पोस्टमास्तर माणूस. थोरल्या बहिणीकडे, कोदैनायकीकडे, राहायचा, तिच्याबरोबर हिंडायचा, तिची पिशवी धरायचा. कोदैनायकीनं तीस वर्षं जुन्या देवळांची मापं घेऊन नकाशे काढले होते. निवृत्त झाल्यावर तिनं दारावर खाजगी तपासाची पाटी लावली आणि साऱ्या गल्लीनं तोंडात बोट घातलं.

"मामी, आधी पाणी प्या. मग खुशाल रडा," कोदै म्हणाली.

मंगळम् मामी पाणी प्यायली आणि बोलू लागली. दर मासीत ठरलेल्या तीन सकाळी उगवत्या सूर्याचे किरण पूर्वेच्या भिंतीतल्या नऊ भोकांच्या दगडी जाळीतून गाभाऱ्यात शिरत आणि पिंडीला न्हाऊ घालत. नऊशे वर्षांचा हा नेम. आज पहिल्या दिवशी सगळा गाव जमला, नादस्वरवाला गाल फुगवून उभा राहिला, आणि गाभाऱ्यात अंधार तो अंधारच.

"ढग असतील," पिच्चू म्हणाला.

"ढग कुठले! माझे पापड वाळतायत तिकडे अंगणात," मामी फणकारली. "देवळाचे विश्वस्त, धर्मकर्ते मुदलियार, म्हणाले, पुजाऱ्याचंच काहीतरी चुकलं. परवापर्यंत सूर्य आला नाही तर किल्ल्या खाली ठेवा. अकरा पिढ्या त्या देवापाशी गेल्या हो आमच्या! आणि आमचे हे! त्यांनाही पटलंय, देवानं आपल्याकडे पाठ फिरवली. सकाळपासून कॉफी घेतली नाही."

तंजावुरकडचा माणूस कॉफी सोडतो म्हणजे प्रकरण गंभीर. पिच्चूनं चौथी इडली घेतली नाही.

देऊळ लहानसं होतं. दार दक्षिणेला, आत मंडप, मंडपाच्या पश्चिमेला गाभारा. मंडपाची पूर्वेची भिंत सगळी बंद, फक्त ती जाळी. कोदैनं पिशवीतून दोरी काढून मापं घेतली. जाळी भिंतीच्या मध्यावर नव्हती, चांगली दोन हात दक्षिणेला होती.

"गवंड्याची चूक," पिच्चू म्हणाला.

"नऊशे वर्षांत तूच पहिला शहाणा," कोदै म्हणाली. तिनं खराट्याची एक काडी उपसली आणि जाळीच्या भोकात घातली. वीतभर जाडीच्या दगडातून काडी नाकासमोर सरळ आरपार गेली. बाहेर काढून तिनं ती उजेडात धरली. काडी स्वच्छ होती. मग तिनं जाळीच्या तोंडावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

पिच्चूनंही आपला हात फिरवला. जाळीच्या चारी कोपऱ्यांत कमळं कोरलेली होती, पण खालच्या एका कमळावर बोराएवढं टेंगूळ होतं. "अक्का, या कमळाला चामखीळ आलीय बघ."

"छान. ध्यानात ठेव," कोदै म्हणाली. पिच्चूला वाटलं, ती थट्टा करतेय.

गुरुक्कळ चंदन उगाळत बसले होते. जाळीच्या अगदी समोर, मंडपाच्या दक्षिण अंगाला त्यांची सहाण होती. डोळे सुजलेले, आवाज बसलेला.

"माझ्याकडून अपराध घडला असणार, अम्मा. नाहीतर... तो चेट्टियार! त्यानं गिरणीला नवं धुराडं बांधलंय. इथे बसून जाळीतून कधी काही दिसायचं नाही. महिनाभर बघतोय, ते धुराडं समोर हजर. तेच सूर्याच्या आड येत असेल का?"

चेट्टियार गिरणीच्या दारात पंख्यानं वारा घेत बसला होता. "नवं? अहो, माझ्या बापानं बांधलंय ते! चाळीस वर्षं झाली. गुरुक्कळांना म्हणावं चष्मा बदला."

देवळं बांधणारा उमापती स्थपती तर भडकलाच. संक्रांतीच्या आगेमागे, थै महिना संपेपर्यंत, देवळाचा जीर्णोद्धार त्याच्याच हातानं झाला होता. त्या काळात देवाचं तेज कलशात उतरवून बाहेरच्या मांडवात ठेवलं होतं, आणि दोन महिने देऊळ रिकामंच होतं.

"आम्ही फक्त शिखराचं काम केलं. जाळीला हात लावला असेल तर हात झडू देत! माझ्यावर संशय घेता? उमापतीनं काही बदललं असतं तर तुमच्या सात पिढ्यांना कळलं नसतं!"

"खरंय तुमचं," कोदै अगदी मनापासून म्हणाली. "काम सलग चाललं होतं?"

"पोंगलला पाच दिवस सगळे घरी गेलो होतो. किल्ल्या मुदलियारांकडे होत्या."

मुदलियारांचं अंग भारी आणि आवाज त्याहून भारी. "किल्ल्या मी कुणाला देत नसतो. प्रोफेसर चित्रसेनन सोडून. त्यांना तुटक्या मूर्तींची खोली साफ करायची होती. विद्वान माणूस! आमच्या देवळाचा इतिहास त्यांनीच लिहिलाय." त्यांनी एक पुस्तिका कोदैच्या हातात ठेवली. "पण तुम्ही दगड कशाला मोजताय, बाई? दोष पुजाऱ्याचा आहे."

संध्याकाळी मामीनं दहीभात वाढला. पिच्चूनं तिच्या वाकड्या बोटाची चौकशी केली.

"कुंभारीण माशी डसली होती हो. जाळीच्या कोपऱ्यात मातीचं घर केलं होतं मेलीनं. मीच खरवडून काढलं. सहा वर्षं झाली, बोट अजून सरळ होत नाही."

कोदै पुस्तिका चाळत होती. ती एकदम थांबली, भिंग काढून एका फोटोवर वाकली आणि हसली. पिच्चूनं लोणच्याची फोड उचलली. असं हसल्यावर अक्का काही सांगत नाही, हे त्याला चाळीस वर्षं ठाऊक होतं.

दुसऱ्या सकाळीही सूर्य आला नाही. जाळीच्या भोकांच्या कडा तेवढ्या उजळल्या, आत काही नाही. गावकरी कुजबुजले. गुरुक्कळांनी कंबरेच्या किल्ल्या सोडून मुदलियारांच्या हातात दिल्या. "उद्याची तरी वाट कशाला बघायची?" एवढंच ते म्हणाले.

पिच्चूनं कोदैचा पदर ओढला. "अक्का, कर ना काहीतरी!"

"दहाची बस येऊ दे. प्रोफेसरांना निरोप धाडलाय."

दहाच्या बसनं प्रोफेसर आले. पांढरी पँट, कानाशी अत्तर. कोदैनं सगळ्यांना मंडपात बसवलं.

"प्रोफेसरसाहेब, किरण पिंडीवर कसे पडतात हो?"

"नऊ किरण, नाकासमोर सरळ. पुस्तिकेत लिहिलंय मी."

"कधी पाहिलेत?"

"पहाटे उठणं मला जमत नाही. पण अकरा वर्षांपूर्वी मी जाळीचं बोट न् बोट मोजलंय. मोठा फोटोही घेतलाय. पुस्तिकेत त्याची छोटी प्रत आहे, मोठा मात्र माझ्याखेरीज कुणाकडे नाही."

"मग ऐका. मासीत सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही, जरा दक्षिणेकडे उगवतो. म्हणून जुन्या कारागिरानं जाळी दोन हात दक्षिणेला बसवली आणि भोकं तिरकी पाडली. या तीन सकाळींना किरण तिरके आत येऊन मध्यावरच्या पिंडीला भेटावेत, हा त्याचा हिशेब. काल माझी काडी सरळ आरपार गेली. म्हणजे ही ती जाळी नव्हे!"

मंडपात गलका झाला.

"तिरक्या भोकांतून सहाणेपाशी काही दिसत नसे. सरळ भोकांतून समोरचं धुराडं दिसतं. धुराडं जुनंच, चष्माही ठीक, जाळी नवी. तोंडाला तेल-काजळी फासलीय, पण भोकांत काजळीचा कण नाही."

"तर मग ह्या उमापतीनंच!" मुदलियार गरजले.

"उमापतींनी मूळ जाळी हातात घेऊन नक्कल केली असती, तर भोकं तिरकीच पाडली असती. ही नक्कल फोटोवरून झालीय. फोटोत भोकांची तोंडं दिसतात, पोट दिसत नाही. आणि आणखी एक गोष्ट. पिच्चू, काय सापडलं होतं तुला?"

पिच्चू गडबडला. "चामखीळ? त्या कमळावरची?"

"तीच. मामींनी सहा वर्षांपूर्वी खरवडलेलं कुंभारणीचं घर! मूळ जाळीवर ते उरलेलं नाही, पण अकरा वर्षांपूर्वीच्या फोटोत आहे. परगावच्या पाथरवटानं प्रामाणिकपणे तेही दगडात कोरलं बिचाऱ्यानं. मापं प्रोफेसरांची, फोटो त्यांचा, पोंगलच्या सुट्टीत किल्ल्याही त्यांच्याकडे. आणि पहाटे कधी न उठल्यामुळे किरण तिरके येतात हे त्यांना माहीतच नाही."

उमापती उठून जाळीपाशी गेला आणि टेंगूळ चाचपून कपाळावर हात मारून घेतला. "माशीचं घर कोरलंय! देवा रे देवा! चोरी परवडली, पण हे काम!"

प्रोफेसरांचा चेहरा पांढराफटक पडला. ते दाराकडे सरकले, पण दारात चेट्टियार पंख्यासकट बसला होता.

"मूर्तींच्या खोलीत आहे," प्रोफेसर पुटपुटले. "पोत्यांखाली. लॉरी शुक्रवारी येणार होती."

"उमापती, उद्या पहाटेपर्यंत जमेल?" कोदैनं विचारलं.

"जमेल म्हणजे? त्या महान कारागिराची जाळी माझ्या हातानं बसणार, ताई. जेवायलासुद्धा उठणार नाही."

तिसऱ्या सकाळी मंडपात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मुदलियार सगळ्यात पुढे, पण आज अंग चोरून उभे. गुरुक्कळ गाभाऱ्यात दिवा धरून पिंडीकडेच बघत होते. जाळीकडे बघायची त्यांना हिंमत नव्हती.

आणि नऊ किरण तिरके आत आले.

आधी पिंडीची दक्षिण बाजू उजळली, मग हळूहळू सगळी पिंडी सोन्यासारखी झाली. नादस्वर एकदम कडाडला. गुरुक्कळांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "आलास रे," ते म्हणाले, "आलास!" पिच्चूही ढसाढसा रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

मुदलियार गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आले. खाली मान घालून त्यांनी किल्ल्या पुढे केल्या. "चुकलं माझं. घ्या, गुरुक्कळ."

एका हातात कापूर, एका हातात घंटा. गुरुक्कळांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"हात मोकळे नाहीत माझे, मुदलियार. मामीकडे द्या. आणि जरा बाजूला व्हा, उजेडात उभे आहात."