गोड भाषांतर

"बाई, मी एवढं गोड बोललो नव्हतो हं!"

लाकेरनं चमकून वर पाहिलं. शाळेच्या पटांगणात, आंब्याच्या सावलीत अख्खं गाव बसलं होतं. सातासमुद्रापलीकडच्या मोठ्या कोर्टात बंडखोरांच्या एका सेनापतीवर खटला चालू होता, आणि गुलू शहराच्या आसपासच्या गावांना तो पडद्यावर दाखवत फिरायचं काम लाकेरच्या पथकाकडं होतं. परदेशी वकिलांचं बोलणं ती गावाच्या अचोली भाषेत सांगायची, गावाचे प्रश्न सोबत आलेल्या कोर्टाच्या साहेबांना इंग्रजीत. आणि हा सडसडीत मास्तर—कोमाकेच त्याचं नाव—भर सभेत तिची चूक काढत होता!

"मी विचारलं, बंडखोरांना तुम्ही पिंजऱ्यात उभं केलंत, बरं झालं. पण ज्या सरकारी शिपायांनी आम्हाला घरातून हुसकून छावण्यांत कोंबलं, जिथं पोरं जुलाबानं मेली, त्यांचा खटला कुठल्या पडद्यावर दिसणार? तुम्ही साहेबांना सांगितलंत—गावकऱ्यांना खटल्याची व्याप्ती समजून घ्यायचीय."

पटांगण खदखदून हसलं. लाकेरचे कान तापले. पण तिनं प्रश्न पुन्हा, जसाच्या तसा सांगितला. साहेबांनी घसा खाकरला... आणि त्यावर आत्ता काही सांगता येणार नाही म्हणाले.

सभा उठता उठता पाऊस कोसळला. लाकेर धावत शाळेच्या व्हरांड्यात शिरली, तर मास्तर तिथंच. भिजलेल्या भुवयांखालून हसत होता.

"रागावलात?"

"इतकं छान इंग्रजी समजतं, मग स्वतःच विचारायचं होतं साहेबांना."

"मग तुम्ही माझ्याकडं बघितलं असतं का?"

लाकेरनं पावसाकडं तोंड फिरवलं. हसू मात्र लपलं नाही.

पुढच्या गावच्या सभेला तो होता. त्याच्या पुढच्याही.

"मास्तर, हे काही तुमचं गाव नाही."

"कोर्टाची गोडी लागलीय."

"खोटं!"

"बरं... भाषांतराची."

मग पथकाच्या गाडीऐवजी ती त्याच्या मोटरसायकलवरून परतू लागली. वाटेत भाजलेली कणसं, तांबड्या धुळीनं माखलेले केस, आणि कधीतरी नकळत 'तुम्ही'चं झालेलं 'तू'.

एका संध्याकाळी, अस्वा नदीच्या काठी तिनं आपल्या वडिलांचं सांगितलं. छावणीवर बंडखोरांचा हल्ला झाला, त्यात ते गेले.

"तुझं म्हणणं पटतं रे. ते कोर्ट एकाच डोळ्यानं बघतं. पण मला त्या सेनापतीला शिक्षा झालेली बघायचीय. लंगडा का होईना, न्याय आहे तो."

कोमाकेचनं हातातलं कणीस खाली ठेवलं.

"लाकेर... नंतर कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. बारा वर्षांचा होतो. बंडखोरांनी शाळेतून उचलून नेलं मला. आधी ओझी वाहायला लावली. मग हातात बंदूक दिली."

"तू... आमच्या छावणीत?"

"नाही. पण दुसरीकडं होतो. तिथंही कुणाचे तरी वडील होतेच." त्याचा आवाज खाली गेला. "पडद्यावरच्या त्या माणसालाही लहानपणीच पळवलं होतं. तू त्याच्याकडं बघतेस ना, तेव्हा मी तुझ्याकडं बघत असतो. आणि वाटतं, माझ्याकडंही तू तशीच बघशील."

लाकेर उठली. त्याच्या गाडीवर बसली नाही, चालत निघाली.

त्यानंतर तो सभांना आला नाही. तिची नजर मात्र गर्दीत त्याला शोधायची, आणि शोधते म्हणून तिला स्वतःचाच राग यायचा.

निकाल लागला—दोषी. बायका रडल्या, लाकेरही रडली. पण मनावरचा धोंडा उतरेल असं वाटलं होतं, तो जेमतेम हलला. तेवढ्यात मागून एक म्हातारी उठली.

"त्याचं झालं. पण त्यांनी पळवलेला माझा पोरगा जंगलातून परत आलाय, त्याच्याशी विहिरीवर कुणी बोलत नाही. त्याचा निकाल कोण देणार, बाई?"

ते इंग्रजीत सांगताना लाकेरचा आवाज फुटला. साहेबांनी प्रश्न नुसता वहीत लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी ती कोमाकेचच्या वर्गाच्या दाराशी उभी राहिली.

"रविवारी माझ्या काकांकडं चल. त्यांनीच वाढवलंय मला. नदीवर सांगितलंस ते सगळं त्यांना सांग."

"आणि त्यांनी हाकललं तर?"

"तर... दोघं बाहेर उभे राहू."

ओरियेमकाकांनी सगळं ऐकून घेतलं. मान खाली, हात गुडघ्यांवर. मग एकच विचारलं, "परत आलास तेव्हा रीतीप्रमाणं अंडं पायानं फोडायला लावून, शुद्ध करून घरात घेतलं का तुला?"

"आईनं घेतलं, काका. सगळ्या भावकीसमोर."

"तुझ्या माणसांनी त्यांचं काम केलं, म्हणजे." काकांनी डोळे पुसले. "भावाच्या वतीनं माफ करायचा हक्क मला नाही, पोरा. तू ज्यांच्या दारात गेला होतास, त्यांच्याकडंही तुला कधीतरी जावं लागेल."

"जाईन, काका."

"मग जाताना मला सांग. एकटा जाऊ नकोस. आता चल, जेवायला बस."

आत तिळाच्या वाटणातली आंबट भाजी आणि रताळी वाढली जात होती. अंगणात लाकेर त्याच्या हातांवर पाणी ओतू लागली.

"काका हो म्हणाले की नाही?" तो कुजबुजला.

"कशाला? मला कुठं अजून कुणी काही विचारलंय?"

"मग विचारतो... करशील माझ्याशी लग्न?"

"आधी हात धू नीट." तिनं भांडं आणखी कलंडवलं. "करीन... करीन रे, वेड्या!"

भांड्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं. लाकेरनं त्याचा ओला हात धरला, तो आतून काकांची हाक येईपर्यंत सोडला नाही.