रिकाम्या गाडीची उंची

विषय : जुन्या फोर-बाय-फोर गाडीची उंची वाढवल्याची नोंद होऊन मिळण्याबाबत.
संदर्भ : दिवंगत गाडीमालकाच्या वडिलांचा अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, अर्जदार स्वतः निवृत्त हेडक्लार्क असल्यामुळे अर्जात खाडाखोड नाही, कागदपत्रे क्रमाने जोडलेली आहेत आणि तरीही काम झालेले नाही. यात कार्यालयाचा दोष नाही. उभ्या आयुष्यात अर्जदाराने कोणत्याही कार्यालयाबद्दल असे म्हटले नव्हते. ते म्हणण्याची पाळी का आली, हे मात्र कचेरीच्या भाषेत मावत नाही.

अर्जदाराला कचेरीत सगळे भाऊसाहेब म्हणत आणि निवृत्तीनंतर गल्लीनेही तेच चालू ठेवलं. त्यांना एकुलता एक मुलगा होता आणि मुलाकडे एक गाडी होती. गाडी वयाने मुलापेक्षा मोठी. "तुझी थोरली बहीण आज चालू झाली का रे?" असं भाऊसाहेब रोज सकाळी विचारत. डिझेलचा वास जावा म्हणून मुलगा संत्र्याच्या साली काचेपाशी वाळत टाकायचा. सुट्टी मिळाली की गाडी घेऊन डोंगरात जायचा, म्हणून मेकॅनिकने त्याचं नावच डोंगऱ्या पाडलं होतं.

वरच्या पठाराच्या वाटेवर एक खडक होता. त्यावर गाडीचं पोट टेकायचं आणि चाकं हवेत गरगरायची. आईचे गुडघे गेलेले, तिला पायी चढणं शक्य नव्हतं. "आई, गाडी चार बोटं उचलली ना, की तुला थेट वर नेतो बघ," तो म्हणायचा. त्यासाठी त्याने एक स्वस्तातलं किट मागवलं. चाकांवरच्या कमानपाट्यांत, म्हणजे स्प्रिंगांत, घालायचे जादा पाटे, त्यांच्या टोकाला लावायचे लांब शॅकल म्हणजे लोखंडी दुवे, सांध्यांत बसवायची नवी रबरी बुशं आणि एक माहितीपत्रक, ज्यातली भाषा जगात कुठेच बोलली जात नसावी. खोकं आलं तेव्हा तो इस्पितळात होता. त्याने ते खाटेखाली ठेवायला लावलं. ताप उतरला की बसवू म्हणाला. ताप उतरला, पण तोवर अंगात काही शिल्लक राहिलं नव्हतं.

गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. भाऊसाहेबांनी तिच्यावर चादर घातली आणि त्या दिशेची खिडकी लावून घेतली. बरेच महिने गेल्यावर एकदा जेवताना बायको म्हणाली, "अहो, ते खोकं उघडा."

"कशाला?"

"तो बसवणार होता ना. बसवून घ्या. मला वर जायचंय. एवढं काय बघायचा तिथे, मला बघू दे एकदा."

तिने इतक्या दिवसांत काहीही मागितलं नव्हतं. भाऊसाहेबांनी हातातला घास ताटात ठेवला आणि मेकॅनिकला फोन लावला.

मेकॅनिक अंगाने आडवा आणि तोंडाने अखंड. गंजलेल्या नटांशी तो सासरी निघालेल्या पोरीशी बोलावं तसा बोलायचा. "ये गं बाई, किती रुसशील? झालं, झालं, सुटलीस!" जॅक लावून त्याने गाडी उचलली, लोखंडी घोड्यांवर ठेवली, चाकं काढली. "भाऊसाहेब, हे किट म्हणजे माणसाला उंच टाचेची चप्पल घालण्यातला प्रकार. उंच दिसेल. पळायला सांगू नका."

"तिला पळायचं नाही. एकदा वर जायचंय फक्त."

त्यावर मेकॅनिक पाना शोधू लागला.

दुपार कलेपर्यंत पाटे चढले, शॅकल लागले, चाकं जमिनीवर आली. बुशचे शेवटचे बोल्ट तेवढे कसायचे होते. मेकॅनिक फळीवर आडवा होऊन गाडीखाली सरकला. "बसा, भाऊसाहेब, स्टिअरिंगवर."

"मी कशाला?"

"माझा रिवाज आहे. गाडी हवेत असताना बोल्ट कसले, तर बुश पिळून राहतं. वजन घेऊन कसायचं. म्हणजे चाकं खाली आणि मालक सीटवर. ज्याची गाडी, त्याच्या वजनाला बसली पाहिजे."

भाऊसाहेबांनी चालकाचं दार उघडलं. सीटच्या पाठीला अजून मुलाच्या खांद्यांचा खोलगट आकार होता. त्यांनी दार पुन्हा लावलं. आयुष्यभर कागद बघितलेला माणूस. अडचणीत सापडला की त्याला कागदच आठवायचे.

"कागदोपत्री मालक मी नाही," ते म्हणाले. "गाडी अजून त्याच्याच नावावर आहे. मालकाला बसव म्हणतोस, तर रीतसर त्यालाच बसव. मी चहा आणतो."

असं बोलून ते आत गेले. स्वयंपाकघरात बायको ओट्याशी उभी होती. दोघांनी एकमेकांकडे न बघता चहा कपांत ओतला. कप घेऊन ते अंगणात आले, तेव्हा शेडमधून मेकॅनिकचा आवाज येत होता.

"हां... असेच बसा. जरा पाठ टेका... बास, बास. हलू नका आता."

पान्याचा आवाज. लोखंडावर लोखंड, सावकाश. मग दुसरा बोल्ट.

"झालं. उतरलात तरी चालेल."

भाऊसाहेब शेडच्या तोंडाशी उभे होते. कप अजून त्यांच्या हातात होते. मेकॅनिक फळीवरून बाहेर सरकला, त्याला आधी त्यांच्या चपला दिसल्या, मग ते.

"तुम्ही... कधी उतरलात?"

"मी बसलोच नाही."

"अहो, पाटे दबले. दार वाजलं. माझ्या नाकावर धूळ पडली..."

दोघांनी गाडीकडे पाहिलं. चालकाची बाजू तीन बोटं खाली होती. आत कोणी नव्हतं. काचेपाशी वाळून काळ्या पडलेल्या साली तशाच होत्या, पण शेडमध्ये आत्ता सोललेल्या संत्र्याचा वास होता.

मेकॅनिकने चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तो प्रामाणिकपणे परत आला. डावीकडची चाकं उजवीकडे लावली, उजवीकडची डावीकडे. गाडी त्याच बाजूला झुकली. बोल्ट सैल करून पुन्हा कसावेत का, असं भाऊसाहेबांनी विचारलं, तेव्हा तो कितीतरी वेळ हात पुसत राहिला.

"करता येतील," तो म्हणाला. "पण सैल केले, तर जे बसलंय ते... मी नाही करणार, भाऊसाहेब. डोंगऱ्या मला कधी वाईट शब्द बोलला नाही."

संध्याकाळी बायको भिंत धरत शेडमध्ये आली. झुकलेल्या मडगार्डवर तिने तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग वळसा घालून शेजारच्या सीटवर चढून बसली. गुडघ्यांनी कुरकुर केली, तिने केली नाही. अंधार पडेपर्यंत ती तिथे बसली होती, आणि खाली उतरली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर कसलीही भीती नव्हती.

"अहो, तेवढी नोंद करून घ्या लवकर," ती म्हणाली. "मग आपण तिघं वर जाऊ."

उंची वाढवलेली गाडी नोंद झाल्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून भाऊसाहेबांनी अर्ज केला आणि जागेवर पाहणी करायला वाहन निरीक्षक बाई आल्या. वय मुलाएवढंच. भर दुपारी त्यांनी टेप काढली, चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत एक बाजू मोजली, दुसरी मोजली.

"काका, गाडी रिकामी करा आधी."

"रिकामीच आहे, मॅडम."

"दोन्ही बाजू सारख्या नाहीत. चालक बसलाय. रिकाम्या गाडीची उंची लिहायची असते मला." त्यांनी काचेतून आत पाहिलंही नाही. त्यांच्या दृष्टीने टेपने सांगितलं होतं, विषय संपला होता. "उतरवा त्यांना. लगेच शिक्का मारते."

स्वयंपाकघराच्या दारात बायको चौकट धरून उभी होती. भाऊसाहेब चालकाच्या दाराशी गेले. जन्मभर त्यांनी लोकांना रांगेतून बाजूला व्हायला सांगितलं होतं, खिडकी बंद झाली म्हणून सांगितलं होतं. आवाज कधी कापला नव्हता.

"बाळा..." ते म्हणाले. "जरा उतरतोस? मोजायचंय फक्त..."

काहीच झालं नाही. मग पाटे कण्हल्यासारखे वाजले. मडगार्ड हळूहळू वर आला आणि दुसऱ्या बाजूच्या उंचीला येऊन मिळाला. संत्र्याचा वास गेला. शेडमध्ये नुसता गंजाचा आणि तापलेल्या पत्र्याचा वास उरला.

"हां, आता बरोबर," निरीक्षक बाई म्हणाल्या आणि टेप लावली.

दारातून बायकोचा आवाज आला. शब्द नव्हता तो. इस्पितळातल्या त्या पहाटे तिच्या तोंडून निघाला होता, तोच आवाज.

"नको!" भाऊसाहेबांनी टेपवर हात ठेवला. "मॅडम, लिहू नका... बस, बाळा. परत बस. चुकलं माझं. कुठे जाऊ नकोस... बस."

निरीक्षक बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. भाऊसाहेबांच्या हाताखाली मडगार्ड खाली आला, सावकाश, तीन बोटं. वास परत आला. बायको दारातल्या पायरीवर बसली आणि तिने पदर तोंडावर घेतला. भाऊसाहेबांनी दाराच्या गरम पत्र्याला कपाळ टेकलं.

तेवढ्यात मागचा पाटा वाजला. गाडीची मागची बाजू किंचित दबली. थोडं थांबून आणखी दबली.

भाऊसाहेब एकालाच बस म्हणाले होते.

निरीक्षक बाईंनी टेप गुंडाळली. या वेळी त्यांनी काचेतून आत पाहिलं आणि गाडीवरची नजर न हलवता फाटकापर्यंत उलट पावलांनी चालत गेल्या. बायको अजूनही रोज संध्याकाळी पुढच्या सीटवर जाऊन बसते. आरसा तिने छताकडे वळवून ठेवला आहे आणि मागे वळून ती बघत नाही. पाहणीच्या शेऱ्यात 'गाडी रिकामी करून पुन्हा सादर करावी' एवढंच लिहिलेलं आहे. गाडी सादर झालेली नाही. अर्ज प्रलंबित आहे.